कमी चाललेली जुनी गाडी: घ्यावी का, आणि घेतल्यावर आधी काय करावं?

नवी_चावी
नमस्कार. इथले गाड्यांचे धागे बरेच दिवस वाचते आहे, लिहायची ही पहिलीच वेळ.

एक गाडी मनात भरली आहे. पेट्रोल, मॅन्युअल गिअर, आठ वर्षं जुनी, एकच मालक, मीटरवर फक्त ३१,००० किलोमीटर. मालक वयस्कर आहेत, गाडी बहुतेक वेळ कव्हरखालीच असायची म्हणे. लांबून बघितली तर रंग छान दिसतो, पण उन्हात आणली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसतात. हेडलाइट पिवळे पडलेत.

मला गाडी चालवायला मनापासून आवडते आणि हिच्यावर स्वतःच्या हाताने काम करायला शिकायचं आहे. इतकी कमी चाललेली गाडी म्हणजे डोळे मिटून घ्यावी का? नक्की काय बघू? आणि घेतलीच तर पॉलिश, कोटिंग वगैरे लगेच करून टाकू का?

तेलकट_हात
डोळे मिटून काहीच घेऊ नका. वीस वर्षं गॅरेजमध्ये गेली माझी, त्यावरून सांगतो. "फक्त इतकीच चालली आहे" हे ऐकून लोक जेवढे खूश होतात तेवढा मी होत नाही.

हिशेब करून बघा. आठ वर्षांत ३१,००० म्हणजे महिन्याला सव्वातीनशे किलोमीटरसुद्धा नीट होत नाहीत. रोजचे दहा-अकरा. अशा गाडीचं इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होतं. थंड इंजिनात थोडं पेट्रोल आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये उतरतेच. ती उडून जायला इंजिन तापून काही वेळ चालावं लागतं. रोज अर्धवट तापून बंद झालं की ते सगळं ऑइलमध्येच राहतं, ऑइल आंबतं, गाळ धरतो. गाडीचं मॅन्युअल उघडून बघा, छोट्या फेऱ्या बहुतेक ठिकाणी कठीण वापरात मोजलेल्या असतात आणि तशा गाडीचं ऑइल लवकर बदलायला सांगितलेलं असतं.

दुसरं म्हणजे गाडीतलं जेवढं रबर आहे आणि जेवढे द्रव आहेत ते किलोमीटरवर नाही, वर्षांवर म्हातारे होतात. टायर, टायमिंग बेल्ट (इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणारा पट्टा), कूलंटचे म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे होज, ब्रेक ऑइल, बॅटरी. या गाडीच्या बाबतीत मी ३१,००० हा आकडा बाजूला ठेवेन आणि आठ हा आकडा धरून तपासेन.

सुरुवात टायरपासून करा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. टायरच्या बाजूच्या भिंतीवर 'डॉट' या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते. तिच्या शेवटचे चार आकडे बघा. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनला. काही वेळा हे चार आकडे टायरच्या आतल्या बाजूलाच असतात, तेव्हा वाकून बघावं लागतं. स्टेपनीचेही बघा.

चौथा_गिअर
टायरची नक्षी कशी झिजली आहे तेही वाचा, फार काही कळतं. दोन्ही कडा झिजलेल्या आणि मधला भाग शाबूत, तर हवा कायम कमी ठेवलेली. मधला भाग झिजलेला, तर हवा जास्त. एकच कड झिजलेली असेल तर अलाइनमेंट किंवा सस्पेन्शनकडे बोट जातं. जागोजाग खड्डे खड्डे पडल्यासारखी झीज असेल तर शॉकअॅब्सॉर्बर गेलेले असू शकतात.

आणि गाडी थंड असतानाच बघायला जा. मालकांना आदल्या दिवशी स्पष्ट सांगा की मी येईपर्यंत चालू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर परत यायची वेळ ठरवा, यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. थंड इंजिन पहिल्या दोन-तीन सेकंदांत जे बोलतं ते तापल्यावर बोलत नाही. काही इंजिनांत टायमिंग बेल्टऐवजी चेन असते, ती सैल झाली असेल तर त्याच वेळी खडखडते. धूर बघायला सोबत कुणीतरी मागे उभं करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. थंडीत थोडी पांढरी वाफ साहजिक आहे, पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल आणि त्याला गोडसर वास असेल, तर कूलंट जळतंय, तिथून नमस्कार करून निघा.

मोजपट्टी
दोन छोटी यंत्रं मिळवा. विकत नको, ओळखीच्यांकडून मागून घ्या.

पहिलं, रंगाची जाडी मोजणारं मीटर. कारखान्यातून आलेल्या गाडीवर पत्र्यावरचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १८० मायक्रॉन भरतात. साधा कागद १०० मायक्रॉनच्या आसपास असतो, यावरून अंदाज घ्या. दर पॅनलवर एकाच जागी नाही, चार-पाच ठिकाणी मोजा आणि डाव्या बाजूचं उजव्या बाजूशी ताडून बघा. एखादं पॅनल २५०-३०० दाखवत असेल तर ते पुन्हा रंगवलेलं आहे. हजाराच्या वर गेलं तर खाली लांबी भरलेली आहे. दार पुन्हा रंगवलेलं असणं हा गुन्हा नाही, गल्लीबोळात कुणाचीही घासते. पण छताचे खांब, दाराच्या चौकटी, बॉनेटखालचे पुढचे सांगाडे, इथे आकडा वाढला तर गाडीला मोठा मार बसलेला आहे. बंपर प्लास्टिकचे असतात, साधं मीटर तिथे काही दाखवत नाही. अॅल्युमिनियमच्या बॉनेटसाठी ते मोजू शकणारं मीटर लागतं.

दुसरं, ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात बसतं आणि फोनवर दिसतं. लोक फक्त 'कोड आहे का' एवढंच बघतात. विकणाऱ्याने सकाळीच कोड पुसलेले असतील तर तिथे काहीच दिसणार नाही. म्हणून त्यातला 'रेडिनेस' हा भाग उघडा. गाडीचा कॉम्प्युटर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर वगैरेंच्या चाचण्या स्वतःहून घेत असतो. कोड पुसले की या चाचण्याही शून्यावर येतात आणि पुऱ्या व्हायला काही दिवसांचं वेगवेगळ्या वेगाचं ड्रायव्हिंग लागतं. बऱ्याचशा चाचण्या 'अपूर्ण' दिसल्या तर एक तर बॅटरी नुकतीच काढली होती किंवा कोड पुसले आहेत.

तेलकट_हात
रेडिनेसचा मुद्दा फार मोलाचा. त्याला जोडून एक. चावी फिरवल्यावर, इंजिन चालू करायच्या आधी, एअरबॅग आणि चेक इंजिनचे दिवे लागलेच पाहिजेत, आणि मग विझले पाहिजेत. जे दिवे मुळात लागतच नाहीत त्यांचा बल्ब काढून ठेवला असण्याची शक्यता धरा.

वळणवाट
पाण्यात बुडालेली गाडी कशी ओळखायची तेही सांगा कुणीतरी. माझ्या भावाने अशी गाडी घेतली आणि वर्षभर वायरिंगच दुरुस्त करत बसला.

चौथा_गिअर
सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत. धुतलेल्या गाडीतही बेल्टच्या शेवटच्या वीतभर पट्टीवर चिखलाची रेघ राहते. सीट पुढे-मागे सरकवून खालच्या रुळांत बोट फिरवा. स्टेपनीच्या खळग्यातलं मॅटिंग उचला. सीटचे बोल्ट गंजलेले आणि डॅशबोर्डखालच्या उघड्या धातूवर गंज, असं असेल तर गाडी कितीही छान दिसो, घेऊ नका. आत अत्तराचा घमघमाट असेल तर काच बंद करून एसी आतल्या हवेवर पाच मिनिटं चालवा, खरा वास वर येतो.

नवी_चावी
काल जाऊन आले. तुम्ही सगळ्यांनी सांगितलेलं वहीत लिहून नेलं होतं. जे दिसलं ते जसंच्या तसं देते.

बॉनेट थंड होतं. पहिल्या चावीत चालू झाली, खडखड नाही, धूर नाही. टायर पाचही गाडीइतकेच जुने. नक्षी ५ मिलिमीटर आहे, पण भिंतीवर बारीक चिरा आहेत. रंग सगळीकडे ११० ते १२५, उजवं मागचं दार २८०. मालकांनी विचारायच्या आधीच सांगितलं होतं की तिथे फाटक घासलं होतं. खांब आणि चौकटी ११५च्या आसपास. बेल्टची पट्टी स्वच्छ. पॅडलचं रबर आणि स्टिअरिंग ३१,०००ला शोभेल असंच आहे, आणि सर्व्हिसच्या नोंदी दरवर्षीच्या आहेत, त्यात किलोमीटर चढत गेलेले दिसतात.

ऑइलच्या झाकणाखाली पिवळट दुधासारखा थर होता, तो बघून पोटात गोळा आला. कूलंट तपकिरी आहे. रेडिनेसमध्ये तीन चाचण्या अपूर्ण. मालक म्हणाले गेल्या आठवड्यात बॅटरी बदलली, आणि बॅटरी खरंच नवी होती. आणखी एक, वीस मिनिटं फिरवली तरी तापमानाचा काटा पाव भागाच्या वर गेला नाही.

पुढच्या_बाकावर
दुधासारखा थर म्हणजे हेड गॅस्केट गेलं, इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील. सोडून द्या. दुसरी बघा.

तेलकट_हात
थांबा, इतक्या लवकर नको. झाकणाखालचा थर दोन कारणांनी येतो. गॅस्केट गेलं तरी येतो, आणि कायम अर्धवट तापणाऱ्या इंजिनात वाफ झाकणाला थंड होऊन चिकटली तरी येतो. फरक कसा ओळखायचा? डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, ओढा. तिच्यावरचं ऑइल स्वच्छ असेल, दुधाळ नसेल, तर थर फक्त वरच आहे. कूलंटच्या टाकीत तेलाचे तवंग आहेत का, पातळी कमी होते आहे का, ते बघा. कूलंटची टाकी आणि रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडायचं, हे लक्षात ठेवा. गरम असताना आत दाब असतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. मी अशी भाजलेली माणसं बघितली आहेत.

आता तुमचा तापमानाचा काटा. मला तोच सगळ्यात बोलका वाटतो. थर्मोस्टॅट म्हणजे कूलंटच्या वाटेतली एक झडप. इंजिन थंड असताना ती बंद राहते, म्हणजे इंजिन लवकर तापतं. ती उघडीच अडकली तर रेडिएटर पहिल्या मिनिटापासून इंजिन थंड करत बसतो आणि काटा वर चढत नाही. वर पेट्रोल जास्त, ऑइलमध्ये वाफ जास्त, आणि झाकणाखाली दुधाळ थर. एका झडपेने ही सगळी लक्षणं जुळतात. मालकांना आठवडाभर नेहमीसारखी चालवायला सांगा, एक-दोन वेळा लांबची फेरीही. मग पुन्हा रीडर लावा. माझा अंदाज बरोबर असेल तर पी०१२८ हा कोड दिसेल, म्हणजे कूलंट हवं तितकं तापत नाही.

नवी_चावी
आठ दिवसांनी पुन्हा गेले. डिपस्टिक स्वच्छ, मधासारखं ऑइल. कूलंटमध्ये तवंग नाही, पातळी मी खूण करून आले होते तिथेच. आणि रीडरवर पी०१२८. मालक स्वतः माझ्याइतकेच चकित झाले, त्यांना चेक इंजिनचा दिवा लागलेला माहीतच नव्हता. थर्मोस्टॅट, कूलंट आणि टायर धरून किंमत पुन्हा बोललो आणि गाडी घेतली.

तेलकट_हात
आता अभिनंदन! चासी नंबर मात्र कागदावर, डॅशबोर्डच्या काचेमागे आणि दाराच्या चौकटीवर, जिथे जिथे असेल तिथे अक्षर अन् अक्षर जुळवून बघा. १७ अक्षरं-आकडे असतात आणि आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं त्यात नसतात. तिथे ओसारखं काही दिसलं तर तो शून्यच.

आता कामाचा क्रम. पॉलिशचा विचार तूर्त बाजूला ठेवा.

टायर सगळ्यात आधी. नक्षी कायद्याच्या नेहमीच्या १.६ मिलिमीटरच्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त आहे हे खरं, पण आठ वर्षांचं चिरा पडलेलं रबर ओल्या रस्त्यावर धरत नाही. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्यायचे, दहाव्या वर्षापलीकडे कसेही दिसोत ठेवायचे नाहीत, आणि चिरा दिसल्या की वर्षं मोजत बसायचं नाही. हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. टायरवर लिहिलेला आकडा ही त्याची कमाल मर्यादा असते, तो भरू नका. हवा गाडी थंड असताना मोजा.

ब्रेक ऑइल. हे हवेतली ओल शोषत राहतं. नवं डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की मर्यादा १५५वर येते. घाटात सतत ब्रेक दाबत उतरताना ते उकळलं तर नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पॅडल सरळ जमिनीला टेकतं आणि गाडी थांबत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी चालो न चालो. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, रंग सोलून काढतं.

टायमिंग बेल्ट. तुमच्या इंजिनात चेन आहे की बेल्ट ते मॅन्युअलमध्ये बघा. बेल्ट असेल तर किलोमीटर आणि वर्षं असे दोन आकडे दिलेले असतात, जो आधी येईल तो धरायचा. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन वर येतो आणि उघडे राहिलेले व्हॉल्व्ह त्याला आपटतात. एका रबरी पट्ट्यापायी सगळं हेड जातं. बेल्ट उघडलाच आहे तर तो ताणून धरणारा टेन्शनर आणि बेल्टवर फिरणारा वॉटर पंपही बदलून टाका. तिथे पुन्हा पोचण्याची मजुरी त्या सामानापेक्षा जास्त असते.

मोजपट्टी
कूलंटच्या रंगावर जाऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. हिरवं, गुलाबी, निळं, हे रंग कंपन्या आपापल्या मनाने घालतात. मॅन्युअलमध्ये जो प्रकार लिहिला आहे तोच घ्या. जुनं पूर्ण काढा, आणि घट्ट मिळालं असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धंअर्धं करा. सांडलेलं लगेच पुसा. चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांना थोडंसंसुद्धा जिवावर बेतू शकतं.

अर्धा_क्लच
थोडं विषयांतर, पण माझी डिझेल गाडी आहे, तिचा वापरही असाच छोट्या फेऱ्यांचा. डीपीएफचा दिवा अधूनमधून लागतो. काय करू?

तेलकट_हात
डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेतली काजळीची गाळणी. ती स्वतःला जाळून साफ करते, पण त्याला धुराचं तापमान बरंच चढावं लागतं. दिवा लागला की मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं एकसारख्या वेगात चालवा. साफसफाई चालू असताना गाडी पुन्हा पुन्हा बंद करू नका. कायमच छोट्या फेऱ्या असतील तर खरं सांगायचं तर डिझेल गाडी तुमच्यासाठी नाही.

नवी_चावी
थर्मोस्टॅट, कूलंट, ब्रेक ऑइल, बेल्ट, टायर झाले. काटा आता दहा मिनिटांत मध्यावर येतो! इंजिन ऑइल मी स्वतः बदलायचं ठरवलं आहे. ५डब्ल्यू-३० लिहिलं आहे, जाड ऑइल चांगलं असं एका ओळखीच्याने सांगितलं.

तेलकट_हात
मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच घाला. पहिला आकडा थंडीतलं वागणं सांगतो, दुसरा इंजिन तापल्यावरचा जाडपणा. इंजिनातल्या फटी त्या जाडपणाच्या हिशेबाने ठेवलेल्या असतात. जाड ऑइल सकाळी वर पोचायला वेळ लावतं आणि झीज त्याच वेळी होते.

गाडीखाली जाणार असाल तर हे नीट वाचा. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. सपाट पक्की जमीन, हँडब्रेक, चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे, आणि गाडी स्टँडवर. स्टँडवर बसली की आधी बाहेरून जोराने हलवून बघा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घाला, बोल्ट ठरलेल्या ताकदीनेच आवळा, आणि जुना फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना हे बोट फिरवून बघा. दोन रिंगा एकमेकींवर बसल्या तर सगळं ऑइल रस्त्यावर सांडतं.

मऊ_फडकं
आता माझी पाळी. इतके दिवस गप्प बसले होते, कारण क्रम बरोबर चालला होता.

बॉनेटवरच्या त्या गोल रेघा प्रत्यक्षात गोल नसतात. हजारो बारीक ओरखडे सगळ्या दिशांनी असतात, त्यातले फक्त उजेडाला आडवे आलेले चमकतात, म्हणून दिव्याभोवती जाळं दिसतं. हे ओरखडे कशाने आले? कोरड्या कपड्याने धूळ पुसल्याने, आणि धुळीवर कव्हर ओढल्याने. कव्हर वाऱ्याने हलतं आणि खालची धूळ सॅंडपेपरचं काम करते. म्हणून ते कव्हर धुतलेल्या गाडीवरच घाला, नाही तर घालू नका.

पॉलिश करायच्या आधी धुवायला शिका. नाही तर महिन्याभरात पुन्हा तेच ओरखडे येतील.

गाडी सावलीत घ्या, पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. चाकं आधी, वेगळ्या बादलीने आणि वेगळ्या ब्रशने, कारण ब्रेकच्या धुळीत लोखंडाचे कण असतात. मग नुसत्या पाण्याने वरून खाली भरपूर मारा, जेवढी माती हात न लावता जाईल तेवढी घालवा. त्यानंतर दोन बादल्या. एकीत कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी. भांड्यांचा साबण नको, तो मेणही घेऊन जातो. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवा, छतापासून सुरू करा, सरळ रेषेत, दाब न देता. एक पॅनल झालं की मोजा उलटा करून बघा. त्याच्या केसांत काळे बारीक कण अडकलेले दिसतील. ते साध्या पाण्याच्या बादलीत घासून सोडा, आणि मगच पुन्हा शाम्पूत. बादलीच्या तळाला जाळी असेल तर कण खाली बसतात, परत वर येत नाहीत. दारांचा खालचा भाग शेवटी, तिथेच सगळ्यात जास्त वाळू असते. मोजा खाली पडला तर तो बाद, दुसरा घ्या. तो "नुसता झटकून" वापरल्याने एका ग्राहकाच्या काळ्या गाडीवर एका हाताच्या फटक्यात वीतभर ओरखडा उठलेला मी बघितला आहे. तेव्हापासून माझ्याकडे कायम तीन मोजे असतात.

वाळवताना मोठा जाड टॉवेल पत्र्यावर पसरा आणि अलगद ओढा, घासू नका. मग गाडी थोडी फिरवून ब्रेक दोन-चार वेळा दाबा, डिस्क वाळतात.

नवी_चावी
दोन आठवड्यांनी धुतली, अगदी असंच केलं. पण रंगावर हात फिरवला तर खरखरीत लागतंय, विशेषतः बॉनेट आणि छत.

मऊ_फडकं
पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून फिरवा, आणखी स्पष्ट कळेल. हे रंगात रुतलेले कण आहेत. आधी आयर्न रिमूव्हर मारा. लोखंड असेल तिथे जांभळे ओघळ येतील. वाळू देऊ नका, धुऊन टाका. उरलेल्यासाठी क्ले, म्हणजे कण ओढून काढणारी मऊ वडी. भरपूर लुब्रिकंट, छोटे चौकोन, दाब नाही. सुरुवातीला क्ले अडखळत जातो, मग एकदम सरकायला लागतो, ते बोटांना कळतं. तिथेच थांबा. क्ले जमिनीवर पडला तर फेकून द्या, कितीही नवा असला तरी.

मग पॉलिश. तुमचा आकडा ११० ते १२५ आहे, आणि त्यात वरचा पारदर्शक थर म्हणजे क्लिअर कोट साधारण ४०-५०च असतो. ऊन सोसणारे घटक त्याच थरात असतात. पॉलिश म्हणजे तोच थर थोडा थोडा काढणं. म्हणून सगळ्यात सौम्य पॅड आणि सगळ्यात सौम्य पॉलिश घेऊन बॉनेटवर हातरुमालाएवढ्या जागेत आधी करून बघा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याने पुसून टॉर्चखाली बघा, कारण पॉलिशमधलं तेल ओरखडे झाकतं आणि धुतल्यावर ते परत दिसतात. तेवढ्याने सत्तर-ऐंशी टक्के रेघा गेल्या तर तेच पुरे. उरलेल्यांच्या मागे लागू नका. नख अडकेल असा ओरखडा पॉलिशने काढायचाच नाही. पॅनलच्या कडांवर आणि मोडलेल्या रेषांवर रंग पातळ असतो, तिथे टेप लावा. मशीन ड्युअल अॅक्शनचं घ्या, त्याचं पॅड फिरता फिरता डोलतं. रोटरी, म्हणजे एकाच जागी गरगर फिरणारं, शिकलेल्या हातातच चांगलं.

चौथा_गिअर
सिरॅमिक कोटिंगबद्दल तुमचं मत? मी केलं आहे, पाणी मस्त ओघळतं.

मऊ_फडकं
चांगलं आहे, पण ते काय करत नाही हे आधी कळायला हवं. उडालेल्या खड्यांपासून वाचवत नाही, त्यासाठी पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची जाड पारदर्शक फिल्म लागते. पक्ष्यांची शीटही त्यावर राहू देऊन चालत नाही. आणि खालचे ओरखडे कोटिंगखाली कैद होतात, म्हणून पॉलिश आधी झालेलं असावं लागतं. नवी_चावी यांनी हात बसेपर्यंत साधं सीलंट, म्हणजे मेणासारखा संरक्षक थर, लावावं असं मला वाटतं. दर काही महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं, आणि त्या निमित्ताने गाडीच्या इंचाइंचावर हात फिरतो. मला तेच जास्त मोलाचं वाटतं.

नवी_चावी
बॉनेट झालं! सौम्य पॅडनेच बहुतेक रेघा गेल्या. आधी ११८ होतं, नंतर ११६ दाखवतंय.

हेडलाइट टूथपेस्टने घासले, दोन दिवस छान दिसले, आता पुन्हा धुरकट.

मोजपट्टी
११८ आणि ११६ हा फरक मीटरच्या चुकीतही बसतो, त्यावरून किती निघालं ते सांगता येणार नाही. पण फार निघालेलं नाही एवढं नक्की.

मऊ_फडकं
हेडलाइटचं प्लास्टिक पॉलिकार्बोनेटचं असतं. त्यावरचा कारखान्याचा ऊन अडवणारा थर गेला की ते पिवळं पडतं. भोवती टेप लावा, ८०० नंबरच्या ओल्या सॅंडपेपरने जुना थर पूर्ण काढा, मग १५००, मग ३०००, मग पॉलिश. दर टप्प्यावर दिशा बदला, म्हणजे आधीच्या नंबरच्या रेघा गेल्या की नाही ते दिसतं. आणि शेवटी अतिनील किरणं अडवणारा कोट लावायचाच. तो न लावता सोडलेले दिवे काही महिन्यांत पूर्वीपेक्षा वाईट होतात.

नवी_चावी
करते. एक शेवटचं. आज सकाळी छतावर पक्ष्याची शीट वाळलेली दिसली. ओल्या कपड्याने पुसू का?

मऊ_फडकं
पुसू नका. आत वाळूचे कण आणि बियांची टरफलं असतात. टिश्यू पाण्याने चिंब भिजवून त्यावर ठेवा, पाच-दहा मिनिटं थांबा, मऊ झालं की टिश्यूसकट वर उचला, आडवं ओढू नका. मग ती जागा धुवा. आजच करा, तापलेल्या पत्र्यावर ती रंगात खोलवर उतरते. खाली पुसटसं वर्तुळ उरलं तर उन्हात तिरका फोटो काढून इथे टाका, बघून सांगते.